पैसा खर्च झाला. धोका किती उतरला?

एका चौकात तीन वर्षांत १२ अपघात होतात. निवेदने दिली जातात, पाहणी होते, चौक ‘अपघातप्रवण ठिकाणां’च्या यादीत चढतो. निधी मंजूर होतो, सूचनाफलक लागतात, पट्टे रंगवले जातात. पुढच्या तीन वर्षांत तिथे ८ अपघात होतात आणि अहवालात ओळ येते: ३३ टक्के घट. त्या एका ओळीच्या जोरावर तोच फलक आणि तोच रंग आणखी ५० चौकांसाठी मंजूर होतो.

हाच हिशेब नीट मांडून पाहू. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. तेवढीच वाहतूक, तेवढेच फाटे आणि तशीच रचना असलेल्या इतर चौकांत तीन वर्षांत सरासरी ४ अपघात होतात असे धरा. मग या चौकातले १२ अपघात काही अंशी चौकाच्या दोषामुळे आणि काही अंशी त्या तीन वर्षांच्या वाईट योगामुळे झालेले असतात. वाईट योग दर वेळी जुळून येत नाही, त्यामुळे आकडा आपसूक खाली येतो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. ते वजा करण्यासाठी ‘एम्पिरिकल बेज’ नावाची पद्धत आहे. तिच्यात त्या ठिकाणचा प्रत्यक्ष आकडा आणि तशाच ठिकाणांचा अपेक्षित आकडा यांची भारित सरासरी काढतात. वरवर सारखे दिसणारे चौक आपसांत जितके वेगळे वागतात, तितका प्रत्यक्ष आकड्याचा भार वाढतो. नोंदींचा काळ लांबला तरी तो वाढतो. समजा इथे दोन्ही आकड्यांना सारखाच भार पडला. ४ आणि १२ यांची सरासरी ८. म्हणजे चौकाला हातही लावला नसता तरी पुढच्या तीन वर्षांत ८ अपघातच अपेक्षित होते. फलकाच्या आणि रंगाच्या वाट्याला श्रेय उरते शून्य.

ही चूक मोठमोठ्या कार्यक्रमांतही होते. ब्रिटनमध्ये वेगमापक कॅमेऱ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला गेला, तेव्हा गंभीर अपघातांची ठरावीक संख्या गाठलेल्या ठिकाणीच कॅमेरे बसवण्याचा नियम होता. म्हणजे वाईट योग जुळलेली ठिकाणे निवडून घेण्याची पक्की व्यवस्थाच. २००५ सालच्या मूल्यमापनात कॅमेऱ्याच्या जागी मृत्यू आणि गंभीर जखमींची संख्या सुमारे ४२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. मात्र सरासरीकडे परतण्याचा परिणाम वजा केल्यावर शहरी जागांवरच्या घटीचा बराच मोठा वाटा त्यातच गेला. कॅमेरे निरुपयोगी ठरले असे अजिबात नाही. त्यांचा परिणाम खरा होता, पण सांगितला गेला त्याहून बराच लहान होता. पुढच्या वर्षी कुठल्या उपायावर किती पैसे घालायचे हे ठरवताना हा फरक निर्णायक असतो.

रस्ता सुरक्षेचा निधी सरकारी यंत्रणा झालेले मृत्यू मोजून वाटतात आणि झालेला खर्च मोजून त्याला यश म्हणतात. माझी तक्रार या दोन्ही सवयींबद्दल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात ११ लाख ९० हजार माणसे रस्ते अपघातांत दगावली. ५ ते २९ या वयोगटातल्या मृत्यूंचे हे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० या दशकात हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. पैसा पुरेसा नाही हे खरेच. पण आहे तो पैसा चुकीच्या मापाने वाटला जात असेल, तर दुप्पट करूनही हाती फारसे लागणार नाही.

याद्यांची पद्धत आधी तपासू. भारतात राष्ट्रीय महामार्गावरचा सुमारे ५०० मीटरचा पट्टा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो तो एकतर तीन वर्षांत तिथे मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले तर, किंवा १० माणसे मेली तर. इतर देशांत आकडे वेगळे असतात, तत्त्व तेच. या व्याख्येची अडचण अशी की पुरेशी माणसे दगावल्याखेरीज रस्ता निधीला पात्र होत नाही. दुसरी अडचण कमी दिसते, पण ती जास्त घातक आहे. ग्रामीण दुपदरी रस्त्यावर २०० वळणे असतील, तर यंदाचा मृत्यू एका वळणावर होतो, पुढच्या वर्षीचा दुसऱ्याच. एकही वळण यादीत चढत नाही आणि रस्ता मात्र दर वर्षी माणसे मारत राहतो. धोका बिंदूत नसतो, रस्त्याच्या जातीत असतो. अरुंद साइडपट्टी, तिच्या कडेचा खोल उतार, दोन हातांवर उभे झाड, वळणाआधी कमी न होणारा वेग, हीच ती जात.

म्हणून पहिला बदल नियोजनाच्या एककात हवा. अपघाताचा प्रकार आणि रस्त्याचा प्रकार यांची सांगड घालून यादी करावी: ‘दुपदरी रस्ता, ठरावीक त्रिज्येपेक्षा तीव्र वळण, वाहन रस्त्याबाहेर जाणे’ किंवा ‘बहुपदरी शहरी रस्ता, सिग्नल नसलेली ओलांडणी, पादचाऱ्याला धडक’. मग त्या वर्णनात बसणाऱ्या सगळ्या जागांवर स्वस्त आणि सिद्ध उपाय एकदम करावा. तिथे अपघात झालेला असो वा नसो. वळणांवर दिशादर्शक बाणफलक, ठळक कडपट्टी, रस्त्याच्या कडेला रम्बल स्ट्रिप (चाक गेले की खडखडणारे उंचवटे) आणि साइडपट्टीची दुरुस्ती असे एक पॅकेज बसते. ओलांडणीसाठी उंचवलेला पट्टा, मध्ये थांबायला निवारा आणि उजेड असे दुसरे. रस्त्यांना तारे देण्याची ‘आयरॅप’ पद्धत यासाठी हाताशी आहे. रस्त्याचे चित्रीकरण करून दर १०० मीटरला पन्नासहून अधिक बाबी नोंदवतात आणि रस्त्याला १ ते ५ तारे देतात. साधारणपणे एक तारा वाढला की प्रवासाच्या प्रत्येक किलोमीटरमागे मृत्यू आणि गंभीर दुखापतींचा भार निम्मा होतो. हे मोजमाप मृत्यूची वाट पाहत नाही, हे त्याचे सर्वांत मोठे मोल.

ठिकाणांची यादी फेकून द्या असे माझे म्हणणे नाही. काही चौक खरोखरच वाईट असतात आणि तिथे वर्तुळाकार चौकासारखे मोठे काम करावेच लागते. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाच्या आकड्यांप्रमाणे दोन बाजूंना ‘थांबा’ असा फलक असलेला चौक वर्तुळाकार केल्यास मृत्यू आणि दुखापतीचे अपघात ८२ टक्क्यांनी कमी होतात. एवढा परिणाम असेल तर खर्च सार्थकी लागतो. पण माझ्या मते अभियांत्रिकीच्या निधीतला किमान अर्धा भाग रस्त्याच्या प्रकारानुसार करायच्या कामांसाठी बांधून ठेवावा. बांधून ठेवला नाही तर तो यादीतल्या ठिकाणीच जाईल, कारण जिथे माणूस गेला तिथे फीत कापता येते. जिथे माणूस वाचणार आहे ती जागा कुणालाच दाखवता येत नाही.

कामे निवडताना दोन ढोबळ चुका वारंवार होतात. एक बेरजेची. एका उपायाने अपघात ३० टक्के घटतात, दुसऱ्याने २०, म्हणून दोन्हींनी ५० टक्के घटतील असे प्रस्तावात लिहिले जाते. उरलेल्या अपघातांचा गुणाकार करायचा असतो: ०.७ गुणिले ०.८ म्हणजे ०.५६, घट ४४ टक्के. दोन्ही उपाय एकाच प्रकारच्या अपघातावर काम करत असतील, तर हा आकडाही आशावादी ठरतो. दुसरी चूक आयुष्याची. रंगवलेला पट्टा वाहतुकीखाली दोन-तीन वर्षांत पुसट होतो, कठडा वीस वर्षे टिकतो. दोघांचा पहिल्या वर्षाचा खर्च शेजारी मांडला की रंग स्वस्त दिसतो. प्रत्येक कामाचा खर्च त्याच्या आयुष्यावर वाटून, देखभालीसह, वार्षिक आकड्यात मांडला तर क्रम पुष्कळदा उलटतो.

आता पैशाच्या वेळापत्रकाकडे येऊ. सुरक्षेचा पैसा एवढ्या मोठ्या प्रमाणात पोस्टर, फेऱ्या आणि सप्ताहांवर का जातो, याचे उत्तर बहुधा याच वेळापत्रकात सापडते. वार्षिक तरतूद जाहीर होते, वाटप व्हायला काही महिने जातात, निविदेला आणखी काही. हातात तीन-चार महिने उरतात आणि वर्षअखेरीला न खर्चलेला पैसा परत जातो. तीन महिन्यांत चौकाचा आकार बदलता येत नाही. त्यासाठी मोजणी, आराखडा, सुरक्षा लेखापरीक्षण, जमिनीखालच्या वाहिन्या हलवणे, वाहतूक वळवणे असे सगळे लागते. तीन महिन्यांत छापता येते, उपकरणे विकत घेता येतात आणि कार्यक्रम घेता येतात. अधिकाऱ्यांना प्रचाराची विशेष आवड असते असे नाही. तेवढ्या मुदतीत पूर्ण होणारी कामेच तेवढी असतात.

प्रचार पूर्ण वाया जातो असेही नाही. तपासणी वाढणार आहे हे लोकांना कळवणारा प्रचार, त्याच आठवड्यात रस्त्यावर तपासणी दिसत असेल, तर काम करतो. एकट्या उपदेशाचा अपघातांवर परिणाम झाल्याचा पुरावा मात्र क्षीण आहे. परवानाधारक चालकांच्या फेरप्रशिक्षणाच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा त्याने अपघात किंवा दुखापती कमी होतात असा पुरावा मिळाला नाही. शाळेतून लवकर वाहन शिकवण्याच्या अभ्यासांत तर मुले लवकर परवाना घेतात आणि त्यामुळे धोका वाढू शकतो, असे दिसले.

मुदतीचा प्रश्न अमेरिकेने अंशतः सोडवला. तिथे १९६६ च्या महामार्ग सुरक्षा कायद्यापासून केंद्राकडून राज्यांना सुरक्षेसाठी अनुदान मिळते. राज्ये पूर्वी दर वर्षी योजना सादर करत. २०२१ च्या कायद्याने ती तीन वर्षांची केली. दिशा योग्यच आहे. पण त्याच अनुदानाचे मूळ सूत्र ७५ टक्के लोकसंख्येवर आणि २५ टक्के सार्वजनिक रस्त्यांच्या लांबीवर चालते. धोक्याला त्यात जागाच नाही. दुसऱ्या एका निधीत, रस्त्यांच्या सुधारणेसाठीच्या सुरक्षा कार्यक्रमात, अधिक चांगला नियम आला आहे. राज्यातल्या एकूण रस्ता-मृत्यूंपैकी १५ टक्के किंवा त्याहून अधिक पायी चालणारे, सायकलस्वार अशांचे असतील, तर निधीचा किमान १५ टक्के भाग त्यांच्या सुरक्षिततेवर खर्च करावाच लागतो. मला हा आकडा अपुरा वाटतो. ज्या राज्यात चौथा हिस्सा मृत्यू पादचाऱ्यांचे आहेत, तिथे खर्चाची सक्तीही चौथ्या हिश्श्याची हवी. तरी मृतांमधला वाटा आणि निधीतला वाटा यांना एका दोरीने बांधणे हेच मुळात महत्त्वाचे आहे. जगात रस्त्यांवर मरणाऱ्यांत निम्म्याहून अधिक माणसे पायी, सायकलवर किंवा दुचाकीवर असतात. बहुतेक रस्त्यांच्या अंदाजपत्रकांत त्यांच्या वाट्याचा शीर्ष शोधूनही सापडत नाही.

छोट्या संस्थांची अडचण आणखी वेगळी. अनेक अनुदाने आधी खर्च, मग परतावा या तत्त्वावर चालतात आणि त्यावर स्थानिक हिस्साही मागतात. ज्या नगरपालिकेकडे वाहतूक अभियंता नाही आणि सहा महिने पैसे अडकवून ठेवायची ऐपत नाही, ती अर्जच करत नाही. स्पर्धेचा निधी असेल तर तो चांगला अर्ज लिहिणाऱ्याकडे जातो. वाईट रस्ता असलेल्याला तो मिळेलच असे नाही. यावर उपाय साधा आहे. निधी देणाऱ्या यंत्रणेने स्वतःच्या पगारावर अभियंत्यांचे एक पथक ठेवावे आणि जोखमीच्या क्रमाने छोट्या संस्थांकडे जाऊन आराखडे करून द्यावेत. कर्मचाऱ्यांचा वेळ आणि स्थानिक यंत्रसामग्री स्थानिक हिस्सा म्हणून मोजावी.

अंमलबजावणीच्या खर्चातही अशीच गळती असते. श्वासतपासणी यंत्रे घेतली जातात, पण त्यांच्या ठरावीक मुदतीच्या कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे अचूकता तपासून घेण्यासाठी, तरतूद नसते. मुदत संपली की खटला टिकत नाही, खटला टिकत नाही म्हणून पोलीस यंत्र कपाटात ठेवतात. कॅमेरे लागतात, पण मागच्या कार्यालयात चित्रे तपासायला माणसे नसतात आणि वाहनमालकांचे पत्ते जुने असतात, मग नोटिसांचा ढीग साचतो. खरेदीच्या प्रस्तावात पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च आणि दरमहा किती प्रकरणे शेवटपर्यंत नेण्याची क्षमता आहे हा आकडा नसेल, तर प्रस्ताव परत पाठवावा. तपासणीचे मनुष्यतासही अपघातांच्या घड्याळाला जोडावे लागतात. मद्यपानाचे अपघात रात्री होत असतील आणि नाकाबंदी सकाळी अकराला लागत असेल, तर मनुष्यतास पूर्ण भरतात, पण धोका जिथल्या तिथे राहतो.

दंडाची रक्कम सुरक्षेला द्यावी ही सूचना दर चर्चेत येते. ब्रिटनने २००० पासून कॅमेऱ्यांचा खर्च दंडातून भागवण्याची मुभा दिली आणि २००७ मध्ये ती व्यवस्था बंद केली. यातली विसंगती उघड आहे. लोक नियम पाळू लागले की निधी आटतो आणि लोकांचा विश्वासही जातो, कारण कॅमेरा गल्ला भरण्यासाठी आहे असे वाटू लागते. मला ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याची रचना अधिक पटते. तिथला ट्रान्सपोर्ट ॲक्सिडेंट कमिशन हा सरकारी विमा वाहननोंदणीसोबत घेतलेल्या शुल्कातून चालतो. चूक कुणाचीही असो, जखमींच्या उपचारांचा खर्च तोच उचलतो. एक गंभीर जखमी टळला की त्याचे वर्षानुवर्षांचे पैसे वाचतात, म्हणून तो रस्त्यांच्या सुधारणेत आणि प्रतिबंधात गुंतवणूक करतो. ज्याच्या खिशाला अपघाताची झळ लागते, त्याच्याच हाती तो टाळण्याचा निधी आहे.

आणि माहिती. अपघाताच्या नोंदीच्या नमुन्यात ‘चूक कोणाची’ हा रकाना पहिला असेल, तर योजनेत उपाय म्हणून शिक्षण आणि दंडच येतील. अमेरिकेत ९४ टक्के अपघातांचे ‘निर्णायक कारण’ चालकाशी जोडणारा आकडा याच चुकीने जगभर फिरला. त्या अभ्यासातच म्हटले होते की हे कारण घटनाक्रमातला शेवटचा दुवा असते आणि त्यावरून दोष ठरवू नये. शेवटचा दुवा चालकाचा असला तरी मृत्यू टाळणारा दुवा कठड्याचा असू शकतो. स्वीडनने १९९७ मध्ये ‘व्हिजन झिरो’, म्हणजे रस्त्यावर कुणीही मरू नये वा गंभीर जखमी होऊ नये हे धोरण, स्वीकारले ते याच समजुतीने. त्यांनी १३ मीटर रुंदीचे जुने रस्ते न रुंदावता एका दिशेला दोन आणि दुसऱ्या दिशेला एक मार्गिका असे आळीपाळीने आखले आणि मधोमध तारेचा कठडा घातला. चालक आधीसारखेच चुकत राहिले, पण समोरासमोरच्या धडका थांबल्या आणि अशा रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले. १९९७ मध्ये तिथे ५४१ माणसे रस्त्यांवर गेली होती, २०२० मध्ये २०४.

नमुन्यात म्हणून अक्षांश-रेखांश, वाहन कशावर आदळले, कठडा होता का, उजेड होता का, वेगमर्यादा किती आणि हेल्मेटचा पट्टा बांधलेला होता का, हे हवे. पोलिसांच्या नोंदी रुग्णालयांच्या नोंदींशी वर्षातून किमान एकदा ताडून पाहाव्यात. सायकलवरून पडलेला किंवा दहाव्या दिवशी दगावलेला माणूस पोलिसांच्या आकड्यातून सहज निसटतो, आणि आकड्यातून निसटला की निधीतूनही निसटतो.

मृत्यूंचा आकडा छोट्या क्षेत्रात इतका वरखाली होतो की एका वर्षावरून काहीच कळत नाही. म्हणून पाच वर्षांची सरकती सरासरी घ्यावी, आणि दरम्यान मधले निर्देशक मोजावेत: किती टक्के वाहने मर्यादेत धावतात, किती जणांच्या डोक्यावर पट्टा बांधलेले हेल्मेट आहे, मागच्या आसनावर पट्टा किती जण लावतात, किती टक्के प्रवास तीन तारे किंवा त्याहून चांगल्या रस्त्यांवर होतो. ही मोजणी स्वस्त आहे आणि तिचा मृत्यूंशी संबंध पक्का आहे. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. स्वीडनने ८० टक्के वाहतूक मर्यादेत आणण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२० पर्यंत प्रत्यक्ष आकडा निम्म्याच्या आसपासच राहिला, आणि तो दर वर्षी उघडपणे छापला गेला. मृत्यू घटत असतानाही आपण कुठे कमी पडतो आहोत हे त्यांना कळत होते.

या मोजणीला आणि मूल्यमापनाला एकूण निधीच्या ३ ते ५ टक्के बाजूला काढावेत, आणि ते काम रस्ता बांधणाऱ्या विभागाकडे देऊ नये. कामाआधीचा वेग काम सुरू होण्यापूर्वीच मोजलेला हवा. हे सांगावे लागते, कारण पुष्कळदा ‘आधी’चे मोजमाप नसल्याचे काम संपल्यावरच लक्षात येते.

उद्दिष्ट चुकले तर काय, हा प्रश्न योजनेत क्वचितच लिहिलेला असतो. अमेरिकेत राज्यांनी मृत्यू आणि गंभीर दुखापतींची पाच उद्दिष्टे ठेवायची असतात आणि काही राज्ये चक्क वाढत्या मृत्यूंचे उद्दिष्ट ठेवून ते गाठत होती. २०२१ च्या कायद्याने सुरक्षा अनुदानाच्या योजनांसाठी ही पळवाट बुजवली: उद्दिष्ट सध्याच्या पातळीवर किंवा त्याहून चांगलेच असले पाहिजे. रस्ते सुधारणेच्या निधीत पाचपैकी दोन किंवा अधिक बाबतींत उद्दिष्टही गाठले नाही आणि आधीपेक्षा सुधारणाही झाली नाही, तर राज्याला सुरक्षेचा पैसा इतरत्र वळवण्याची मोकळीक राहत नाही आणि पुढे काय करणार याचा आराखडा द्यावा लागतो. शिक्षा म्हणून ही फार सौम्य आहे, निधी कापण्याहून मात्र शहाणी आहे, कारण निधी कापला तर धोक्याच्या रस्त्यावर चालणाऱ्यालाच शिक्षा होते. मी यात एक भर घालेन: जो उपाय तीन वर्षांनी, सरासरीकडे परतणे वजा करून, निष्फळ ठरला, त्याचे नाव पुढच्या योजनेच्या पहिल्या पानावर छापावे, आणि तो पुन्हा मंजूर करायचा असेल तर त्याचे कारण लिहून खाली मंजुरी देणाऱ्याने सही करावी.